प्लाझ्मा, रोबो आणि कोरडी हवा

गुढीपाडवा उलटला की बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव या गावांबाहेरच्या रस्त्यांवर फॅब्रिकेशनच्या दुकानांपुढे उभे राहायला जागा उरत नाही. ट्रॉलीचे सांगाडे, कल्टिवेटर, पेरणी यंत्रांच्या पेट्या, रुंद वरंबा सरीच्या यंत्राचे फण, हे सगळे मृगाच्या आधी शेतकऱ्याच्या दारात पोचायचे असते. या दुकानांना सगळे ‘वेल्डिंगचे दुकान’ म्हणतात. प्रत्यक्षात तिथला बराचसा वेळ जोडण्यात जात नाही. तो खडूने आखण्यात, कापण्यात आणि कापलेली कड ग्राइंडरने घासण्यात जातो. कड वाकडी आली तर फट पडते, फट पडली की वेल्डिंगचा रॉड जास्त लागतो, आणि रॉड जास्त लागला की ताण येऊन सांगाडा पिळतो. कामाचा नफा कापतानाच ठरतो, हे जुना मिस्तरी जाणतो.

कापण्याची साधने बदलत आली. छिन्नी-हातोड्यानंतर हॅक्सॉ आला, मग गॅस कटर, मग चॉप सॉ आणि ग्राइंडर. गेल्या काही वर्षांत सुटकेसएवढी प्लाझ्मा मशीन या रांगेत येऊन बसली आहे. मोबाइलवर रोबोचा नारिंगी हात पाइपाभोवती फिरून क्षणात खोबण कापताना ज्याने पाहिला, तो कारागीर साहजिकच विचारतो, की हे आपल्याकडे कधी? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एका शब्दात देणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहावे. माझे मत आधीच सांगून टाकतो. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात प्लाझ्माची जागा पक्की आहे आणि संगणकावर चालणाऱ्या सीएनसी टेबलाची जागा तयार होते आहे. रोबोची जागा मात्र मोजक्या कामांत आहे. या तिन्हींच्या आधी कोरडी हवा आणि नीट काढलेले ड्रॉइंग लागते. हे दोन्ही नसताना घेतलेले महागडे यंत्र दुकानात ताडपत्रीखाली पडून राहते.

आधी गॅस आणि प्लाझ्मा यांतला फरक. गॅस कटर लोखंड वितळवत नाही, जाळतो. प्लेटची कड सुमारे ९०० अंशांपर्यंत लाल करायची आणि तिच्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडायचा. लोखंड पेट घेते, त्याचे ऑक्साइड लोखंडापेक्षा कमी तापमानाला वितळते आणि झोताबरोबर खाली वाहून जाते. पोलादाचे नशीब एवढ्यापुरते चांगले. स्टेनलेसमध्ये क्रोमियमचे चिवट ऑक्साइड आडवे येते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंश ओलांडल्याशिवाय हलत नाही. म्हणून गॅस कटरने स्टेनलेस कापायला गेले की चिंधड्या होतात. शेगावसारख्या यात्रेच्या गावी हॉटेल-भोजनालयांचे ओटे आणि टेबले करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. प्लाझ्माची अट एकच आहे, धातूतून वीज वाहिली पाहिजे. मग तो साधा पत्रा असो, स्टेनलेस असो, तांबे असो.

टॉर्चच्या आत तांब्याचा इलेक्ट्रोड असतो आणि त्याच्यापुढे बारीक भोकाचे नोझल. आधी या दोघांच्या मध्येच विजेचा एक लहानसा कंस (आर्क) पेटतो. तो वायूच्या दाबाने बाहेर फेकला जातो, प्लेटला भिडतो, आणि मग मुख्य प्रवाह इलेक्ट्रोडपासून थेट प्लेटपर्यंत वाहू लागतो. नोझलचे भोक या कंसाला आवळते. आवळल्यामुळे त्यातल्या वायूचे तापमान वीस हजार अंशांच्या पुढे जाते, वायूचे अणू फुटून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तो वायू स्वतःच वाहक बनतो. धातू वितळतो, आणि मागून येणारा वेगवान झोत तो वितळलेला रस फटीतून खाली उडवतो. गॅसच्या मानाने वेग किती? दहा मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादावर गॅस कटर मिनिटाला अर्ध्या मीटरच्या आसपास चालतो. १३० अँपिअरची ऑक्सिजनवर चालणारी प्लाझ्मा अडीच मीटरच्या पुढे जाते. जाडी वाढत गेली तसा हा फरक आटतो. पन्नास मिलिमीटरच्या वर साध्या पोलादासाठी गॅस आजही स्वस्त आणि सरळ कड देणारा आहे. दुकानातला सिलिंडर विकून टाकायची घाई म्हणूनच करू नये.

हे तंत्र अमेरिकेत १९५०च्या दशकात जन्मले. युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागातल्या रॉबर्ट गेज यांनी १९५५मध्ये आवळलेल्या कंसाच्या टॉर्चसाठी अर्ज केला आणि १९५७मध्ये पेटंट मिळवले. त्या काळी टंगस्टनचा इलेक्ट्रोड आणि आर्गन, हायड्रोजन, नायट्रोजन असे वायू वापरत. गॅसने न कापल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम आणि स्टेनलेससाठी ते ठीक होते, पण साध्या दुकानाला तो खर्च झेपणारा नव्हता. पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनचे मानफ्रेड फॉन आर्डेन आणि फिन्स्टरवाल्डेची केलबर्ग कंपनी याच दिशेने चालली होती. १९६०च्या दशकात एक मोठा अडसर दूर झाला. टंगस्टन ऑक्सिजनमध्ये टिकत नाही, म्हणून तांब्याच्या टोकात झिर्कोनियमची, पुढे हाफ्नियमची टिकली बसवली गेली. हाफ्नियमवर तयार होणारे ऑक्साइड फार उच्च तापमान सोसते. त्यामुळे साधी दाबलेली हवा प्लाझ्मासाठी चालू लागली. १९६८मध्ये अमेरिकेत हायपरथर्म ही कंपनी निघाली आणि नोझलपाशी पाण्याचा फवारा देऊन कंस आणखी आवळण्याची तिची रीत कारखान्यांत पसरली. भारतात प्लाझ्मा टॉर्चवर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लेझर आणि प्लाझ्मा तंत्रज्ञान विभागाने ट्रॉम्बेत काम केले आहे. बुलढाण्याच्या दुकानात सुटकेसएवढी मशीन आली, तिच्या मागे हा हवेवर चालण्याचा टप्पा आहे. सिलिंडर आणायला तालुक्याला जावे लागत नाही, ही तिची सर्वांत मोठी विक्रीची बाजू.

आणि तिथेच तिची सर्वांत मोठी अडचणही दडलेली आहे. हवा फुकट मिळते, कोरडी हवा फुकट मिळत नाही. हिशेब करून पाहू. पावसाळ्यात तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के धरली तर एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. मध्यम आकाराची प्लाझ्मा मशीन मिनिटाला दोनशेच्या आसपास लिटर हवा घेते, म्हणजे तासाला १२ घनमीटर. एवढ्या हवेबरोबर तासाला पाव लिटरहून जास्त पाणी कॉम्प्रेसरमध्ये ओढले जाते. हवा सात बारपर्यंत दाबून पुन्हा ३० अंशांवर गार झाली तर त्यातले बरेचसे पाणी टाकीच्या तळाशी साचते, पण हवा तरीही बाष्पाने गच्च भरलेलीच पुढे जाते. आणि टाकी गार होते कुठे? मे महिन्यात टिनाच्या शेडखाली ती हात लावू देत नाही. मग पाणी टाकीत न साचता पुढे होजमध्ये, टॉर्चमध्ये जाऊन साचते. कंसात शिरलेले पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन होते, हाफ्नियमची टिकली भराभर खड्डा पडून झिजते, नोझलचे भोक अंडाकृती होते, आणि कड तिरपी येऊ लागते. कारागीर म्हणतो, नोझल डुप्लिकेट निघाले. अनेकदा दोष नोझलचा नसतो.

कॉम्प्रेसरला पिस्टनचे तेल हवेत सोडण्याची खोडही असते. त्याचेही तेच परिणाम. याला उपाय साधे आहेत आणि कंटाळवाणे आहेत. टाकी रोज सकाळी रिकामी करायची. कॉम्प्रेसर आणि टॉर्च यांच्यामध्ये लांब, उतार दिलेला लोखंडी पाइप टाकून हवा गार होऊ द्यायची. तेल आणि पाणी अडवणारे फिल्टर लावायचे. आणि रोज तासन् तास काम असेल तर हवा थंड करून पाणी काढणारा ड्रायर घ्यायचा, जो दाबाखालच्या हवेचा दवबिंदू तीन-चार अंशांपर्यंत खाली आणतो. मशीन विकणारे दुकानदार ड्रायरचे नाव क्वचितच घेतात, कारण ड्रायरमुळे किंमत वाढते आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. मला विचाराल तर पाच अँपिअर कमीची मशीन घ्यावी आणि उरलेल्या पैशांत ड्रायर घ्यावा.

विजेचे तसेच. १०० अँपिअरच्या वर्गातली मशीन थ्री-फेजवर वीस केव्हीएच्या आसपास मागते, शिवाय पाच हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर वेगळा. औद्योगिक वसाहतीच्या फीडरवर हे जमते. गावाच्या कडेला, जिथे दुपारी व्होल्टेज खाली येते, तिथे कंस अर्ध्या कटात तुटतो आणि पुन्हा सुरुवात करावी लागते. प्रत्येक सुरुवात इलेक्ट्रोडला झिजवते. कोणत्याही प्लाझ्मा इलेक्ट्रोडचे आयुष्य नुसत्या तासांत मोजू नये, किती वेळा पेटवला त्यातही मोजावे.

कापलेल्या कडेबद्दल बोलायचे तर प्लाझ्माला एक उजवा-डावा स्वभाव आहे. वायू नोझलमध्ये भोवऱ्यासारखा फिरवून सोडतात, म्हणून पुढे सरकताना टॉर्चच्या उजव्या बाजूची कड सरळ येते आणि डावीची तिरपी. हे माहीत असलेला ऑपरेटर बाहेरची रेघ घड्याळाच्या दिशेने आणि आतले भोक उलट दिशेने कापतो, म्हणजे तिरपी कड भंगाराच्या वाट्याला जाते. माहीत नसलेला उलटे कापतो आणि मशीनला शिव्या देतो. खाली लोंबणारा धातूचा कचराही बोलका असतो. जाडसर, हाताने सहज निघणारा कचरा म्हणजे वेग कमी होता. बारीक, कडक, ग्राइंडरशिवाय न निघणारा म्हणजे वेग जास्त होता. हवेवर कापलेल्या कडेत नायट्रोजन मुरलेला असतो, त्यावर सरळ वेल्डिंग केले की आत बारीक पोकळ्या राहतात. ट्रॉलीच्या हुकची प्लेट असेल तर ती कड अर्धा मिलिमीटर घासल्याशिवाय जोडू नये. भोके पाडताना हाच मुद्दा दुसऱ्या रूपात येतो. कडेचे पोलाद एकदम तापून एकदम गार होते आणि कडक बनते. वखराच्या फासेसारखे कार्बन जास्त असलेले पोलाद असेल तर त्या भोकात आटे पाडायला गेलेला टॅप मोडतो. कापलेल्या कडेची प्रत मोजण्यासाठी आयएसओ ९०१३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. कड किती तिरपी आणि किती खडबडीत, त्यावरून त्यात पायऱ्या ठरवल्या आहेत. मोठ्या कंपनीचे जॉबवर्क हवे असेल तर त्या भाषेत बोलता यावे लागते.

हातातली टॉर्च टेबलावर बसवून संगणकाला दिली की सीएनसी प्लाझ्मा होते. इथे खरी उडी आहे, रोबोत नाही. टेबलावरची गाडी दोन दिशांनी धावते, तिसरी दिशा टॉर्चच्या उंचीची. ती उंची राखण्याची युक्ती मला फार आवडते. कंस जितका लांब तितके व्होल्टेज जास्त, म्हणून यंत्र कंसाचे व्होल्टेज सतत वाचते आणि ते ठरलेल्या आकड्यावर राहील अशी टॉर्च वर-खाली करते. पत्रा उष्णतेने फुगला तरी टॉर्च त्याच्याबरोबर उचलली जाते. इलेक्ट्रोड झिजला की मात्र हा हिशेब फसतो. टिकलीत खड्डा पडल्याने कंस आतूनच लांबतो, यंत्राला वाटते टॉर्च उंच आहे, आणि ते तिला प्लेटवर आदळते. अशा वेळी यंत्राला दोष देण्याआधी टॉर्च उघडून टिकली पाहावी.

टेबलामुळे दुकानात सगळ्यांत मोठा बदल होतो तो फर्म्यात. जिनिंगमधला धूळ ओढणारा सायक्लोन, डाळ मिलचा हॉपर, दोन गोल नळ्या तिरप्या जुळवणारा सांधा, यांचे पत्र्यावरचे उलगडलेले आकार मिस्तरी पुठ्ठ्यावर आखून, कापून, दाखवून बसवायचा. फर्मा जपून ठेवायचा, हरवला की पुन्हा आखायचा. आता तो आकार ड्रॉइंगच्या फाइलमध्ये राहतो. प्रोग्राम एकाच प्लेटवर वेगवेगळे तुकडे असे बसवतो की कमीत कमी भंगार निघावे. पण ड्रॉइंग काढणारा माणूस हवा. जिल्ह्यात टेबल घेतलेल्या माणसाला पहिली ठेच बहुधा इथेच लागते. मशीन येते, ऑपरेटर मिळतो, फाइल बनवणारा मिळत नाही. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३पासून आहे, खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे, तालुक्यांना आयटीआय आहेत. ड्रॉइंग शिकलेली मुले इथूनच दरवर्षी बाहेर पडतात आणि वाळूज, चाकण गाठतात. सायक्लोनचा उलगडा करायला त्यातल्या एखाद्याने सुट्टीत दोन दिवस बसून काम केले तरी दुकानाचे वर्षभराचे काम होते. ते क्वचित घडते, कारण दुकानदाराला ड्रॉइंगचे पैसे द्यायची सवय नाही.

रोबोकडे वळू. मोटारीच्या कारखान्यात पहिला रोबो १९६१मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये बसला. आपल्याकडे रोबो म्हटले की पुणे पट्ट्यातल्या वाहन उद्योगाचे वेल्डिंग डोळ्यांपुढे येते, आणि ते खरेच आहे. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२३मध्ये भारतात ८,५१० औद्योगिक रोबो बसले, आदल्या वर्षापेक्षा ५९ टक्के जास्त, आणि ही उसळी प्रामुख्याने मोटारींनी दिली. प्लाझ्मा कापणाऱ्या रोबोंचा वाटा त्यात लहानच. असे का, याचे उत्तर यंत्रशास्त्रात आहे. सपाट प्लेट कापायला सहा सांध्यांचा हात लागतच नाही. दोन दिशांनी धावणारे टेबल ते काम जास्त सरळ रेषेत आणि कमी पैशांत करते. रोबोचा हात त्याच जागी पुन्हा पुन्हा अचूक पोचतो, तो फरक मिलिमीटरच्या शतांशात असतो. पण त्याला न शिकवलेल्या, फक्त संगणकात आखलेल्या रेषेवर धावायला लावले की चूक अर्ध्या मिलिमीटरवर, कधी त्याच्याही पुढे जाते. लहान भोक तर तो हमखास चेपटे कापतो, कारण एवढ्याशा वर्तुळात त्याचे सगळे सांधे एकदम दिशा बदलतात.

मग त्याची जागा कुठे? जिथे जॉब सपाट नाही तिथे. आय-बीमच्या सर्व बाजूंना खोबणी, भोके आणि तिरप्या कडा एकाच बैठकीत कापणारी पायथनएक्स ही यंत्रणा कॅनडातल्या बर्लिंग्टन ऑटोमेशनने बनवली. तिच्यात रोबोच्या हाती प्लाझ्मा टॉर्च असते. करवत, ड्रिल आणि गॅस कटर अशी तीन ठिकाणे फिरणारा बीम तिथे एका ठिकाणी पुरा होतो. बॉयलर आणि टाक्यांच्या डिश एंडची कड, मोठ्या पाइपवरचा सांधा, ट्रकच्या चॅसिसचा घडीव चॅनेल, हीदेखील त्याची हक्काची कामे. वेल्डिंगसाठी तिरपी कड करणे हे त्यांतले सगळ्यांत मोठे. इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. वीस मिलिमीटरची प्लेट ४५ अंशांत कापायची तर टॉर्चपुढे अठ्ठावीस मिलिमीटर जाडी येते. म्हणजे वीसच्या कामासाठी घेतलेली मशीन तिरप्या कटाला अपुरी पडते. विक्रेत्याच्या तक्त्यात हा आकडा नसतो.

माणूस जाऊच शकत नाही अशी जागा हे रोबो प्लाझ्माचे आणखी एक घर. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुभट्टीला १९७९मध्ये अपघात झाला. पुढे तिच्या गाभ्याखालचा पोलादी आधार कापून काढायचा होता, तोही किरणोत्सारामुळे खोल पाण्याखाली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते काम संगणकाने चालवलेल्या प्लाझ्मा टॉर्चने केले.

रोबोला प्लाझ्मा देण्यात एक खास भांडण आहे. कंस पेटवायला काही मशीन हजारो व्होल्टची उच्च वारंवारतेची ठिणगी वापरतात. ती ठिणगी रोबोच्या सांध्यांची जागा सांगणाऱ्या एन्कोडरच्या तारांत शिरते आणि हात मध्येच थिजतो. म्हणून रोबोसाठी इलेक्ट्रोड मागे सरकवून पेटवणारी टॉर्च घ्यावी, अर्थिंग वेगळे आणि जाड असावे, तारा एकमेकांपासून लांब ठेवाव्यात. जॉब कुठे ठेवला आहे हेही रोबोला कळत नाही. टॉर्चच्या टोकाने स्पर्श करून किंवा कॅमेऱ्याने पाहून त्याला ते शोधावे लागते, नाहीतर प्रत्येक जॉबसाठी त्याला ठरल्या जागी धरून ठेवणारे पक्के फिक्श्चर बनवावे लागते. फिक्श्चरचा खर्च पाच नगांवर वसूल होत नाही, पाचशेवर होतो. टाटांच्या टाल मॅन्युफॅक्चरिंग सोल्युशन्सने पुण्यातून २०१७च्या सुमारास ब्राबो नावाचा देशी रोबो पाच ते सात लाखांच्या घरात आणला होता, दोन आणि दहा किलो उचलणारा. लहान उद्योजकांना त्या किमतीचे आकर्षण वाटले. पण हाताची किंमत म्हणजे यंत्रणेची किंमत नव्हे. सुरक्षेचे कुंपण, फिक्श्चर, टॉर्च, धूर ओढणारी यंत्रणा आणि प्रोग्राम करणारा माणूस धरला की आकडा हाताच्या किमतीला मागे टाकतो. चाकणमध्ये बजाज ऑटोने २०१०पासून माणसांशेजारी कुंपणाशिवाय चालणारे हलके रोबो वापरले. वीस हजार अंशांची टॉर्च हाती असलेल्या रोबोला मात्र कुंपण काढता येत नाही.

आता जिल्ह्यातल्या हिशेबाकडे. जलंब–खामगाव लोहमार्ग १८७०चा, कापसासाठी घातलेला. तेव्हापासून या भागातली यंत्रे हंगामावर चालत आली आहेत. जिनिंगचे काम दसऱ्यानंतर, अवजारांचे पाडव्यानंतर. एका दुकानात एकाच मापाचे तीस-चाळीस नग लागतात, तेही तीन महिन्यांत. उरलेल्या वर्षात गेट, जाळ्या, शेड आणि दुरुस्ती. रोबोचा हप्ता असा हंगामी नसतो, तो दर महिन्याला येतो. पाइप कापायचे असतील तर फिरत्या चकवर पाइप धरून कापणारे यंत्र रोबोपेक्षा स्वस्त आणि अचूक पडते. पाण्याच्या योजनांची, ठिबकच्या फिल्टरची, शेडच्या ट्रसची बहुतेक कामे तेवढ्यात भागतात. तिरप्या कडेचे काम महिन्यातून दोनदा येत असेल तर ते ग्राइंडरवरच करावे, त्यात कमीपणा नाही.

समृद्धी महामार्गाने या गणितात भर घातली. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला आणि मेहकर, सिंदखेड राजा हे तालुके त्यावर आले. जालना आणि वाळूजचे प्लेट कापून देणारे कारखाने आता सकाळी प्लेट पाठवून संध्याकाळी तुकडे आणण्याच्या अंतरात आहेत. मेहकरच्या दुकानदाराने रोबो घेण्यापेक्षा तुकडे विकत आणावेत, असे म्हणणारा माणूस मूर्ख ठरत नाही. उलट खामगावच्या औद्योगिक वसाहतीत चार दुकानांनी मिळून एक चांगले टेबल, एक ड्रायर आणि ड्रॉइंग काढणारी एक पगारी मुलगी ठेवली तर ती बाहेरची कामेही खेचून आणतील. माझा कल या दुसऱ्या वाटेकडे आहे. खामगावची ओळख चांदीच्या बाजाराची, आणि त्या कामात प्लाझ्माला काडीचीही जागा नाही. तिथे फटीत उडालेला प्रत्येक कण पैसा असतो.

फायबर लेझरचे नाव घेतल्याशिवाय आढावा पुरा होत नाही. चिनी लेझर स्वस्त झाल्यापासून सहा मिलिमीटरपर्यंतच्या पत्र्यात प्लाझ्माचे पाय मागे सरकत आहेत. लेझरची फट अर्ध्या मिलिमीटरहून बारीक, प्लाझ्माची दीड ते चार. तरी लेझरला धूळ, धक्का आणि गंजलेली प्लेट सोसत नाही. ट्रॉलीची दहा-बारा मिलिमीटरची, वर गेरू लागलेली प्लेट प्लाझ्मा कुरकुर न करता कापते. येती काही वर्षे तरी अवजारांचे दुकान प्लाझ्माचे गिऱ्हाईक राहील.

रोबोच्या बाजूने मला पटणारा एक जड मुद्दा मात्र आहे, आणि तो वेगाचा नाही. प्लाझ्माचा धूर गॅसच्या धुरापेक्षा बारीक असतो. स्टेनलेस कापताना त्यात विषारी षट्संयुजी क्रोमियम असते, साध्या पोलादात मँगेनीज. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. अतिनील किरणांनी डोळे आल्यासारखे होतात, आणि ते शेजारी उभ्या मदतनीसालाही होते, कारण चष्मा फक्त टॉर्च धरणाऱ्याकडे असतो. टॉर्च माणसाच्या हातातून सुटून टेबलाकडे किंवा रोबोकडे गेली की माणूस चार मीटर लांब उभा राहू शकतो. पण लांब उभे राहून धूर कमी होत नाही, तो शेडमध्येच फिरतो. त्यासाठी टेबलाच्या खालून हवा ओढणारा पंखा हवा, नाहीतर प्लेटखाली पाणी भरलेली ट्रे. पाण्याची ट्रे स्वस्त पडते आणि धूर चांगला दाबते, म्हणून आपल्याकडे तीच चालते. तिच्यात ॲल्युमिनियम कापायचे असेल तर जपून. बारीक ॲल्युमिनियम पाण्याशी क्रिया करून हायड्रोजन सोडते, तो प्लेटखाली साचतो आणि पुढच्या ठिणगीला स्फोट होतो. रात्रभर पडून राहिलेल्या ट्रेवर सकाळी पहिला कट मारण्याआधी पाणी ढवळून हवा खेळवावी. आणि स्टेनलेस कापलेल्या ट्रेच्या तळाचा काळा गाळ वर्षातून एकदा दुकानामागच्या नाल्यात ओतायचा नसतो. तो कुठे द्यायचा, हे टेबल विकायला आलेल्या माणसाला पैसे देण्याआधीच विचारावे.